कॉकटेल पार्टीत स्टार्टर किती लागतील? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोनवर पहिला प्रश्न बहुतेक वेळा असाच येतो: "साठ माणसं आहेत, किती नग करायचे?" नुसत्या माणसांच्या आकड्यावरून याचं उत्तर देता येत नाही. ही माणसं किती ते किती थांबणार आणि नंतर त्यांना जेवण आहे का, हे कळल्याशिवाय मी यादीला हात लावत नाही. त्याच ६० जणांना कधी ३०० नग पुरतात, तर कधी ७०० सुद्धा कमी पडतात. खालची बहुतेक उत्तरं या दोन गोष्टींभोवतीच फिरतात.

एका माणसामागे किती नग धरायचे?

तासाभरात जेवणाची पानं मांडली जाणार असतील तर माणशी ४ ते ६ नग पुष्कळ झाले. भुकेला आधार द्यायचा, भूक मारायची नाही. दुपारी उशिरा किंवा जेवून झाल्यावरची दोनेक तासांची पार्टी असेल तर ६ ते ८. पार्टी ऐन जेवणाच्या वेळेत असेल आणि नंतर वेगळं जेवण नसेल, तर १० ते १२. ती तीन तासांवर गेली तर १२ ते १५.

हे आकडे तासांच्या हिशेबातून येतात. पाहुणा आल्यावर पहिल्या तासात ५–६ नग खातो, पुढच्या प्रत्येक तासाला ३–४. सुरुवातीला भूक असते, शिवाय हाताला काही काम हवं असतं. ओळखी निघाल्या, गप्पा रंगल्या की खाण्याचा वेग आपोआप उतरतो. म्हणून चार तासांच्या पार्टीला दोन तासांच्या दुप्पट खाणं लागत नाही.

'नग' म्हणजे नेमका केवढा?

एका किंवा दोन घासांत संपणारा, साधारण २० ते २५ ग्रॅमचा. पावाच्या छोट्या तुकड्यावर काहीतरी बसवलेलं कॅनपे हा याचा आदर्श नमुना. फ्रेंचमध्ये कॅनपे म्हणजे सोफा; वरचा ऐवज पावावर सोफ्यावर बसल्यासारखा बसतो, म्हणून हे नाव.

सगळे पदार्थ या मापात बसत नाहीत, आणि हिशेब चुकतो तो इथेच. मिनी बर्गर एक नग म्हणून मोजला जातो, पण पोटात तो दोन-अडीच नगांची जागा घेतो. उलट, काकडीच्या चकतीवर ठेवलेला चीजचा ठिपका अर्धा नगही भरत नाही. नवा पदार्थ यादीत घेण्याआधी मी त्याचे १० नग एकदम वजनकाट्यावर ठेवते आणि दहाने भागते. मशरूम भरलेला छोटा टार्ट २२ ग्रॅम भरला की तो एक नग. मिनी बर्गर ५५ ग्रॅम दाखवतो, म्हणून त्याच्यापुढे यादीत "= २" असं लिहिते.

याने शेवटी पडताळाही घेता येतो. माणशी १२ नग म्हणजे २५० ते ३०० ग्रॅम अन्न, एक हलकं जेवण. तुमच्या यादीची बेरीज माणशी १५० ग्रॅमच येत असेल आणि तुम्ही ती जेवणाऐवजी देणार असाल, तर नगांचा आकडा कितीही मोठा दिसो, लोक उपाशी जातील.

पार्टी ७ ते ९ आहे. निमंत्रणात जेवणाचं काही लिहिलेलं नाही. पाहुणे काय समजतील?

जेवण आहे असंच समजतील. जेवणाच्या वेळेला बोलावलं की माणूस रिकाम्या पोटी येतो. यात दोष पाहुण्याचा नाही. फक्त पेय आणि थोडं खाणं द्यायचं असेल तर वेळ ५ ते ७ ठेवा, आणि निमंत्रणात "पेय आणि अल्पोपाहार" असं स्पष्ट लिहा. एवढ्या एका ओळीने माणशी चार-पाच नगांचा फरक पडतो, आणि कुणाची गैरसोयही होत नाही. ७ ते ९ हीच वेळ हवी असेल तर माणशी १० ते १२ नगांची तयारी ठेवा.

एकदा पूर्ण हिशेब करून दाखवाल का?

समजा, ६० माणसं, वेळ ६:३० ते ९, नंतर जेवण नाही.

पहिला तास ६ नग, दुसरा तास ४, शेवटचा अर्धा तास २. माणशी १२, म्हणजे एकूण ७२० नग. घरच्या स्वयंपाकघराला हा आकडा घाबरवणारा आहे, पण सगळंच हाताने वळून, भरून, सजवून द्यायची गरज नसते. एका टेबलावर चीज, पाव, कच्च्या भाज्या आणि दोन-तीन डिप (बुडवून खायच्या घट्ट चटण्या) नीट मांडली, की माणशी तीन नगांचं काम ते टेबल करतं. उरले ९, म्हणजे ५४० नग, ४५ डझन.

आता हे ५४० सात प्रकारांत वाटायचे. सारखे वाटू नका. सातांत तीन प्रकार असे असतात, की ट्रे बाहेर आला की फडशा पडतो: काहीतरी गरम आणि कुरकुरीत, काहीतरी चीजचं, आणि काडीला लावलेलं काहीतरी खमंग. त्यांचे प्रत्येकी १०० धरा. बाकीच्या तीन साध्या प्रकारांचे ६५-६५. सातवा जो हौसेचा, अनोळखी चवीचा असतो, त्याचे ४५ पुरे. ३०० + १९५ + ४५, झाले ५४०.

हौसेच्या पदार्थावर यजमानाचा जीव जडलेला असतो आणि त्याचेच सर्वांत जास्त नग करायचा मोह होतो. त्यावर मेहनत जरूर घ्या, पण संख्या आवरा. अनोळखी चवीच्या पदार्थाचा माणूस एक नग खाऊन बघतो. आवडला तरी दुसरा उचलेलच असं नाही.

प्रकार किती ठेवायचे?

२० जणांपर्यंत ४, चाळिसेकपर्यंत ५–६, त्यापुढे ७–८. शंभरावर माणसं असली तरी आठाच्या पुढे जाऊ नका. प्रकार वाढवले की नगांची एकूण संख्या तेवढीच राहील, असा आपला समज असतो. तसं होत नाही. माणूस प्रत्येक प्रकारातला एक तरी चाखतो, त्यामुळे खाणं वाढतं. आणि प्रत्येक प्रकाराची वेगळी चटणी, वेगळा ट्रे, वेगळी वेळ सांभाळताना स्वयंपाकघराच्या नाकी नऊ येतात.

घरी एकच ओव्हन आहे. त्याचा विचार कसा करायचा?

हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात. विचारला असता तर कितीतरी जणांची ऐनवेळची धावपळ टळली असती. नगांचा आकडा तुमची भूक ठरवत नाही आणि बजेटही ठरवत नाही. शेवटी तो ओव्हन ठरवतो.

हिशेब असा. एका ट्रेवर २४ नग, आत एका वेळी दोन ट्रे, म्हणजे एका घाण्याला ४८. भाजायला १५ मिनिटं. दार उघडून ट्रे बदलायचे, ओव्हन पुन्हा तापू द्यायचा, यात ५ मिनिटं जातात. तासाला तीन घाणे, १४४ नग. अडीच तासांत जास्तीत जास्त ३६०. हेही कागदावर. प्रत्यक्षात वरचा ट्रे लवकर लाल होतो आणि खालचा कच्चा राहतो, मध्येच त्यांची अदलाबदल करावी लागते. शिवाय पार्टीचा शेवटचा अर्धा तास ओव्हन बंदच असलेला बरा.

म्हणून ५४० पैकी गरम नग २५०–२७० च्या वर नेऊ नका. उरलेले निम्मे थंड किंवा साध्या तापमानाला चांगले लागणारे असू द्या: कॅनपे, छोटी सँडविचेस, काडीला लावलेले टोमॅटो-चीज, थंड कोळंबी. हे सकाळपासून करून ठेवता येतात. मात्र ओला ऐवज पावावर शेवटच्या तासात लावा, नाहीतर पाव ओलसर होऊन बोटांत तुटतो.

तळणीचंही तेच. कढईत एका घाण्याला किती नग मावतात आणि घाणा किती मिनिटांत निघतो, हे आदल्या दिवशी एकदा घड्याळ लावून करून बघा. तळलेला पदार्थ झाकून ठेवला की वाफेने सादळतो, त्यामुळे आधी तळून साठवायची पळवाट इथे चालत नाही.

चीज, डिप, सुकामेवा हे नगांत मोजता येत नाही. मग?

वजनात मोजा. सोबत बाकीचे स्टार्टर असतील तर चीज माणशी ४० ग्रॅम धरा. ६० जणांना २.४ किलो. चीजवरच सगळी भिस्त असेल तर ७०–८० ग्रॅमपर्यंत जा. प्रकार तीन ते पाच पुरतात: एक मऊ, एक कडक, एक उग्र वासाचं. क्रॅकर किंवा पावाचे तुकडे माणशी ५–६. चीज फ्रिजमधून पाऊण तास आधी काढा. गार चीजला चव लागत नाही.

डिप सगळी मिळून माणशी ३०–४० मिली, म्हणजे दोन मोठे चमचे किंवा किंचित जास्त. गाजर, काकडी, सेलरी, ढोबळी मिरची यांच्या काड्या माणशी ६–७, साधारण ६०–७० ग्रॅम. सुकामेवा २५–३० ग्रॅम. कोळंबी ठेवणार असाल तर माणशी ३–४ धरा, आणि ती टेबलावर मोकळी न ठेवता ट्रेवरूनच फिरवा. मोकळी ठेवलेली कोळंबी पहिल्या वीस पाहुण्यांत संपते.

क्रॅकरचा डबा फोडून सगळे एकदम ओतू नका. हवा लागली की तासाभरात नरम पडतात.

टेबलावर मांडणी बरी की ट्रे फिरवावेत?

दोन्ही. टेबलावर माणूस स्वतःच्या हाताने वाढून घेतो, तेव्हा तो नेहमीच जास्त घेतो, आणि त्यातलं थोडं बशीत राहून जातं. ट्रेवरून एकेक नग उचलला जातो, त्यामुळे वेग तुमच्या हातात राहतो. महागाचं आणि गरम ते ट्रेवर, भरीचं आणि थंड ते टेबलावर, अशी वाटणी करा. ट्रे फिरवायला २५ ते ३० पाहुण्यांमागे एक वाढपी लागतो. त्याहून कमी ठेवले तर खाणं आत तयार असूनही बाहेर पोचत नाही.

इथे एक प्रसंग सांगते, कारण त्याने माझी पद्धत बदलली. लांबट हॉल होता, स्वयंपाकघराचं दार एका टोकाला. नग हिशेबाने केले होते, एकही कमी नव्हता. पहिल्या तासाअखेर मी बाहेर चक्कर मारली तर दाराजवळच्या घोळक्याच्या बशांत काड्यांचे ढीग, आणि पार दुसऱ्या टोकाला खिडकीशी एक वयस्क बाई पाण्याचा ग्लास हातात घेऊन उभ्या. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "अजून काही आलं नाही इकडे, पण असू दे." ट्रे बाहेर पडत होते आणि दहा पावलांत रिकामे होऊन परत येत होते. वाढप्यांना वाटत होतं, काम छान चाललंय. त्या "असू दे"चं मला आजही वाईट वाटतं.

तेव्हापासून नियम केला: ट्रे भिंतीच्या कडेने सरळ पार टोकाला न्यायचा आणि तिथून वाटत वाटत दाराकडे यायचं. दर दुसरी फेरी उलट्या बाजूने. आणि ज्यांना उभं राहवत नाही त्यांच्यासाठी खुर्च्या असतील, तर त्यांच्याजवळ एक भरलेली बशी आधीच ठेवायची. त्यासाठी नग वाढवावे लागत नाहीत.

पहिला ट्रे कधी बाहेर काढायचा?

चीज, भाज्या, सुकामेवा पहिला पाहुणा येण्याआधी टेबलावर हवेत. गरम ट्रे १५–२० मिनिटांनी सुरू करा, निम्मे लोक आल्यावर. लवकर सुरू केलं तर वेळेवर आलेले दहाजण आघाडीचा सगळा माल संपवतात आणि उशिरा येणाऱ्यांच्या वाट्याला काड्या उरतात. एकूण नगांपैकी निम्मे पहिल्या तासात जातात, म्हणून आतली तयारी त्या तासासाठी सर्वांत जास्त हवी. शेवटच्या अर्ध्या तासात दोन घासांचं गोड फिरवा, माणशी एक-दोन. गोड आलं की पाहुण्यांना आवराआवरीची वेळ झाल्याचं न बोलता कळतं.

मद्य असेल तर खाणं वाढवावं लागतं का?

हो, आणि फक्त भूक वाढते म्हणून नव्हे. रिकाम्या पोटी घेतलेलं मद्य झपाट्याने रक्तात उतरतं. पोटात अन्न असलं, विशेषतः स्निग्ध आणि प्रथिनं असलेलं, तर जठर सावकाश रिकामं होतं आणि चढायचा वेग कमी राहतो. मद्य ठेवणाऱ्या यजमानाची ही जबाबदारी आहे असं मी मानते. नुसते वेफर्स आणि खारे दाणे ठेवून चालत नाही. खारटाने तहान वाढते आणि माणूस आणखी पितो. चीज, अंडं, मांस, मासे, कडधान्यांचं डिप असं पोटाला धरून राहणारं काहीतरी यादीत असलंच पाहिजे, आणि ते शेवटच्या तासापर्यंत पुरलं पाहिजे. खाणं संपलं आणि बार सुरू आहे, अशी वेळ येऊ देऊ नका.

पेयांचा अंदाज: पहिल्या तासात माणशी २, पुढे तासाला १. अडीच तासांच्या आपल्या पार्टीत माणशी साडेतीन, म्हणजे ६० जणांना २१० ग्लास. ७५० मिलीच्या वाईनच्या बाटलीत १५० मिलीचे ५ ग्लास बसतात. बर्फ माणशी अर्धा किलो, गरमीच्या दिवसांत पाऊण. न पिणाऱ्यांसाठी पाण्याखेरीज एक-दोन चांगली पेयं ठेवा, आणि गाडी चालवणाऱ्यांना ती सहज दिसतील अशा जागी ठेवा.

६० जणांत १५ शाकाहारी आहेत. मग पाव हिस्सा शाकाहारी ठेवला तर पुरेल ना?

नाही पुरणार. मांसाहारी माणूस शाकाहारी नगही आवडीने उचलतो, शाकाहारी माणसाला मात्र दुसरा पर्याय नसतो. पाव हिस्सा ठेवलात तर तो सगळ्यांत वाटला जाऊन तुमचे १५ पाहुणे अर्धपोटी राहतील. निम्मे नग शाकाहारी ठेवा आणि त्यांतले काही दूध-अंड्याशिवायचे असू द्या. त्यांचा ट्रे वेगळा, चिमटा वेगळा, तळायचं तेलही वेगळं.

अ‍ॅलर्जीबद्दल निमंत्रणाच्या वेळीच विचारा. युरोपीय संघाच्या नियमांत १४ अ‍ॅलर्जीकारक घटक जाहीर करावे लागतात. अमेरिकेत २०२३ पासून तिळाची भर पडून प्रमुख घटक ९ झाले. घरच्या पार्टीला कायदा लागू नसला तरी दूध, अंडी, गहू, सोया, शेंगदाणे, काजू-बदामासारखा सुकामेवा, तीळ, मासे आणि कोळंबी-खेकडा ही नावं लक्षात ठेवायला सोपी आहेत. प्रत्येक पदार्थापुढे छोटी चिठ्ठी ठेवा आणि ट्रे फिरवणाऱ्याला आत काय आहे ते पाठ करून घ्यायला सांगा. "बहुतेक नसावं" हे उत्तर अ‍ॅलर्जी असलेल्या माणसाला देऊ नये. माहीत नसेल तर आत जाऊन विचारून यावं.

लहान मुलं किती खातात?

मोठ्यांच्या निम्मं धरा, आणि ते साधं असू द्या: पाव, चीज, फळांचे तुकडे. टोकदार काड्या मुलांच्या ट्रेवर नकोत. अगदी लहान मुलांना अख्खी द्राक्षं आणि अख्खा सुकामेवा देऊ नका, घशात अडकतात.

कमी पडू नये म्हणून किती जादा ठेवायचं?

होकार कळवलेल्यांच्या संख्येवर, आमंत्रितांच्या नव्हे, लहान पार्टीत १० टक्के आणि शंभरेक माणसांत ५ टक्के. पण हे जादा एकाच जागी धरा. यजमान काय करतो? ६० चे ६६ धरतो, माणशी १२ चे १३ करतो, आणि शेवटी केटररला "थोडं वरचढच राहू दे" म्हणतो. दहा टक्के तीनदा वाढले की ते तीस नाही, तेहतीस टक्के होतात. ७२० च्या जागी साडेनऊशेच्या आसपास नग. दुसऱ्या दिवशी फ्रिज भरलेला, बरंचसं टाकायची पाळी, आणि अन्न टाकताना कुणालाच बरं वाटत नाही.

जादा ठेवायचं ते टिकणारं ठेवा. फोडलेली नसलेली क्रॅकरची पाकिटं, अखंड चीज, सुकामेवा, आणि फ्रीझरमध्ये न भाजलेले दोन-तीन डझन नग. लागले तर भाजा, नाही लागले तर पुढच्या महिन्यात वापरा.

मध्येच कमी पडतंय असं दिसलं तर?

तासाभरात निम्म्याहून बरंच जास्त गेलं असेल तर ते कमी पडणार. ट्रे फिरवायचं थांबवू नका, दोन फेऱ्यांमधलं अंतर वाढवा. ट्रेवर २४ ऐवजी १६ नग ठेवा. टेबलावर पाव आणि डिप भरा, राखीव फ्रीझरमधलं बाहेर काढा, सँडविचेसचे आणखी दोन तुकडे करा. गोड थोडं आधी आणा. तहान लागल्यावर विहीर खणायची वेळ येऊ नये म्हणून हे राखीव सामान कुठे आहे ते घरातल्या आणखी एकाला दाखवून ठेवा.

खाणं बाहेर किती वेळ ठेवलेलं चालतं?

दोन तास. हवा ३२ अंश सेल्सियसच्या वर असेल तर एकच तास. ५ ते ६० अंशांमध्ये जंतू झपाट्याने वाढतात, म्हणून गरम पदार्थ ६० च्या वर आणि थंड पदार्थ ५ च्या खाली ठेवायचा असतो. कोळंबी, अंडं, मेयोनीज, मऊ चीज, शिजवलेलं मांस यांच्या बाबतीत हे काटेकोरपणे पाळा. कोळंबीची बशी बर्फाच्या परातीत बसवा.

मांडणीची एक सवय यासाठी मोडायला हवी. अर्धवट रिकाम्या थाळीत वरून ताजा माल ओतला जातो. खालचे नग दीड तासाचे आणि वरचे आत्ताचे, आणि कुठला कोणता हे कुणालाच सांगता येत नाही. लहान थाळ्या वापरा, थाळी संपत आली की ती उचला आणि दुसरी भरलेली ठेवा. बशीखाली पेन्सिलीने वेळ लिहिलेली चिठ्ठी सरकवून ठेवली तर डोक्यात काही ठेवावं लागत नाही.

बशा, नॅपकिन?

कागदी नॅपकिन माणशी ३–४, बशा २, आणि त्या १५–१८ सेंटिमीटरच्याच. मोठी बशी दिली की ती भरली जाते. पदार्थ निवडताना डाव्या हातात भरलेला ग्लास धरून उजव्या हाताने तो उभ्यानं खाऊन बघा. दुसरा हात लागला, रस ओघळला किंवा दुसऱ्या घासात सगळं घरंगळलं, तर तो यादीतून काढा. वापरलेल्या काड्या टाकायला जागोजागी वाट्या ठेवायला विसरू नका, नाहीतर त्या कुंड्यांत सापडतात.

केटररला काय विचारायचं?

दर माणशी आहे की नगावर. एका नगाचं वजन. प्रत्येक प्रकार कमीत कमी किती डझन घ्यावा लागतो. वाढपी किती येणार. अंतिम संख्या कोणत्या दिवसापर्यंत बदलता येईल. नुसतं "साठ जणांचे स्टार्टर" असं म्हणणारा कागद घेऊ नका. त्यावर प्रत्येक पदार्थापुढे नगांचा आकडा लिहून घ्या.

उरलेल्याचं काय करायचं?

आधी दोन ढीग करा: टेबलावर गेलेलं आणि आतच राहिलेलं. टेबलावर दोन तासांवर राहिलेलं टाकून द्यावं लागतं, जीवावर आलं तरी. आतलं जे फ्रिजमध्ये होतं ते उथळ डब्यांत भरून लगेच पुन्हा आत ठेवा. तीन-चार दिवसांत संपवा, आणि गरम करताना आतपर्यंत ७४ अंश येऊ द्या. पण त्याही आधी, पार्टी संपल्या संपल्या, ट्रे फिरवणाऱ्यांना आणि भांडी घासणाऱ्यांना बसवून वाढा. संध्याकाळपासून ते खाण्याच्या वासात उभे असतात. त्यांच्यासाठी मी माणशी ८ नग सुरुवातीलाच वेगळे काढून, झाकून, नाव लिहून फ्रिजच्या वरच्या खणात ठेवते, उरण्यावर सोडत नाही.